आत्तीचं शुगरचं मशीन आणि तिचं रक्त: एका घरातली पूर्ण केस

पेशंट म्हणजे माझी आत्ती. वय ६८, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडचं खेडं, डायबिटीस बारा-तेरा वर्षांचा. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ह्या शुगर कमी करणाऱ्या गोळ्या चालू, इन्सुलिन नाही. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. घरात मामा, वैनी आणि पोरं, तिचा मुलगा म्हणजे आमचा अण्णा पुण्यात नोकरीला. मी बेळगावात लॅब टेक्निशियन, त्यामुळं सगळ्या पैपावण्यांचे रिपोर्ट डॉक्टरच्या आधी माझ्या व्हॉट्सअॅपवर येऊन पडतात. "कुठलं मशीन घेऊ रे, एक नाव सांग" हा प्रश्न तर पाठ झालाय, आणि एक नाव सांगून भागत नाही हे ही केस वाचली की कळेल म्हणून सगळं लिहून काढतोय.

गेल्या वर्षी अण्णानं ऑनलाइन एक मशीन मागवून घरी पाठवलं. चांगल्या कंपनीचं, डब्यासोबत २५ पट्ट्या, सुयांचं पेन, छोटी झिपची पिशवी, सगळं. वैनीनं वही घातली. सकाळी उपाशी १५०, १६२, १४८, १७०, असे आकडे यायला लागले. त्यात लॅबचं HbA1c ८.१ टक्के आलं, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी काढली तर १८६ च्या आसपास. डॉक्टरांनी वही बघितली, रिपोर्ट बघितला आणि ग्लिमेपिराइड १ ची २ मिलिग्रॅम केली. समोर असलेल्या कागदावरनं कुणीही तेच केलं असतं.

मग रोपलावणीच्या दिवसात भानगड सुरू झाली. शेतातनं यायला उशीर, जेवण तीनला, कधी साडेतीनला, आणि त्याच्या आधी आत्तीला दरदरून घाम, हात थरथर, डोकं हलकं. वैनी हुशार, लगेच मशीन काढून बघितलं तर ८८. दुसऱ्या वेळी ८४. आता ७० च्या खाली गेली तरच शुगर कमी म्हणायची हे तिला पाठ होतं, म्हणून सगळ्यांनी पित्त ठरवलं, कोकमाचं पाणी दिलं, आणि आत्ती म्हणायची की "गुळाचा खडा तोंडात टाकला की बरं वाटतंय बघ मला." त्या एका वाक्यात सगळं होतं खरंतर, पण घरात म्हातारं माणूस गूळ मागतंय म्हणजे निमित्त काढतंय असंच धरतात लोक.

अण्णाचं म्हणणं मशीनच खोटं. त्यानं एक दिवस "टेस्ट" लावली. सकाळी सहाला घरी मशीनवर बघितलं, १५५. मग आत्ती खानापूरला आली, तिथनं बसनं बेळगावला, सीबीटी स्टँडवर उतरून चहा घेतला ("बिनसाखरेचाच होता की"), आणि साडेदहाला कुठल्यातरी लॅबमध्ये रक्त दिलं, १३१ आलं. अण्णा फोनवर म्हणतो बघ, २४ चा फरक, फेकून देतो हे. आता ह्यात तुलना कशाची कशाशी केली? साडेचार तासाचं अंतर, मधे चहा, बसचा प्रवास. असली तुलना रोज कुणीतरी करतंय आणि त्याच्यावरनं मशीन चांगलं की वाईट ते ठरवतंय. ह्यानं काहीच कळत नाही, फरक आला तरी आणि नाही आला तरी.

अजून एक गंमत. त्याच्या आधी एकदा घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्या पोरानं आत्तीचं रक्त साध्या लाल टोपीच्या ट्यूबमध्ये नेलं होतं, उपाशी शुगरसाठी. तालुक्यात फिरत फिरत दुपारी पोचलं असणार. ट्यूबमधल्या रक्तपेशी जिवंत असतात, त्या साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के शुगर नुसती ट्यूबमध्ये पडून कमी होते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणून शुगरसाठी राखाडी टोपीची फ्लोराइडची ट्यूब असते, आणि फ्लोराइडलासुद्धा काम सुरू करायला तास-दोन तास लागतात, म्हणजे सॅम्पल लवकर सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरवून प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरलेलं पाणी, वेगळा काढलेला बरा. तेव्हा "लॅबचं ते खरं" हेही डोळे झाकून धरू नका. सुई टोचणाऱ्याच्या हातात कुठल्या रंगाची टोपी आहे ते बघा आणि विचारा, त्याला राग आला तर येऊ दे.

तर मग मी आत्तीला मशीन, पट्ट्यांची डबी, वही सगळं घेऊन उपाशीपोटी लॅबला बोलावलं. आदल्या रात्री ती टिळकवाडीत आमच्याकडंच राहिली म्हणजे बसचा प्रश्न नाही. साबणानं हात धुतले, कोरडे केले, बोटाच्या कडेला टोचलं, पहिला थेंब पुसला, दुसरा घेतला, मशीनवर १४६. लगेच दुसऱ्या बोटावर, १४९. आणि पाच मिनिटाच्या आत दंडातनं फ्लोराइडमध्ये रक्त, लगेच फिरवलं, अॅनालायझरवर ११८. उपाशी असताना बोटाचं रक्त आणि शिरेचं रक्त जवळजवळ सारखंच दाखवतं, जेवणानंतर मात्र बोटाचं जास्त येतं, म्हणून तुलना करायची तर उपाशीच. आणि फरक किती चालतो, तर आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७, २०१३ सालचं. त्यात म्हणलंय की शुगर १०० किंवा वर असेल तर शंभरातले ९५ आकडे लॅबच्या १५ टक्क्यांच्या आत पाहिजेत, १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. ११८ चे १५ टक्के म्हणजे १८ च्या आसपास, म्हणजे १०० ते १३६ आलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. १४६ म्हणजे २४ टक्के वर.

मशीन खराब म्हणायचं? मी माझं बोट टोचलं. माझं त्याच मशीनवर, त्याच डबीतल्या पट्टीवर १०१, लॅबला ९७. कंट्रोल सोल्यूशन (मशीन तपासायचं, ठरलेल्या साखरेचं पाणी) लावलं तर डबीवर छापलेल्या रेंजच्या बरोबर मधे. म्हणजे मशीन ठीक, पट्टी ठीक, माझ्या रक्ताला बरोबर दाखवतंय आणि आत्तीच्या रक्ताला चुकतंय.

मग जांभळ्या टोपीची ट्यूब घेऊन सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची टेस्ट, लावली. हिमोग्लोबिन ८.४, पीसीव्ही २६.

पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, बायकांत साधारण ३६ ते ४६ असतो. मशीनच्या कागदावर हाच हिमॅटोक्रिट म्हणून लिहिलेला असतो, इतक्या बारीक अक्षरात की आत्तीला काय मलाही चष्मा लागला. तिच्या मशीनच्या कागदावर होतं ३० ते ५५. ह्या रेंजमध्ये रक्त असेल तर आकड्याची हमी, नाहीतर नाही. पट्टीच्या तोंडाशी जो थेंब शोषला जातो त्यात एन्झाइम साखरेवर काम करतं आणि त्यातनं जो करंट तयार होतो तो मशीन मोजतं. तांबड्या पेशी भरपूर असल्या की त्या वाटेत दाटी करतात, साखर एन्झाइमपर्यंत हळू पोचते. पेशी कमी म्हणजे रक्त पातळ, प्लाझ्मा जास्त, साखर भराभर पोचते, मशीनला वाटतं साखर जास्त आहे. उलटं ज्याचं रक्त दाट, म्हणजे जुना विडी ओढणारा, फुप्फुसाचा जुना आजार असलेला, किंवा उलटी-जुलाबानं पाणी कमी झालेला, त्याला मशीन खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकतं.

आता मागचं सगळं लावून बघा. घामाघूम झालेली बाई, मशीन म्हणतंय ८४, पाव हिस्सा उगाचचा असेल तर खरी शुगर ६५-६८ च्या आसपास असणार. तो हायपोच होता, म्हणजे शुगर खाली गेलेली, पित्त नव्हतं. आणि HbA1c? लोह कमी असल्यानं होणाऱ्या अॅनिमियात (रक्त कमी असण्यात) ते उगाच वर सरकू शकतं, तांबड्या पेशी जास्त दिवस फिरत राहतात म्हणून असं म्हणतात. म्हणजे दोन्ही आकडे एकाच कारणानं एकाच दिशेला चुकले आणि एकमेकाला साक्ष देत राहिले, त्याच्यावर गोळी वाढली. आमच्या भागात पन्नाशी-साठीच्या बायकांचं हिमोग्लोबिन ९-१० असणं कुणाला विशेष वाटत नाही, आणि शुगरच्या मशीनशी त्याचा संबंध आहे हे तर कुणीच सांगत नाही. मला ही सगळ्या मशीन-खरेदीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट वाटते. मशीन घ्यायच्या आधी पेशंटचा सीबीसी बघा, साधी टेस्ट आहे, आणि पीसीव्ही छापलेला नसेल तर हिमोग्लोबिनला तीननं गुणा, साधारण तेवढंच येतं.

डॉक्टरांना सगळे आकडे एका कागदावर दिले. त्यांनी ग्लिमेपिराइड परत १ वर आणली, अॅनिमिया कशानं ते शोधलं (मूळव्याधीतनं रक्त जात होतं, आत्तीनं कुणाला सांगितलंच नव्हतं), लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू म्हणून बी-१२ व्हिटॅमिन पण बघायला लावलं. घाम सुटला तर आकड्याची वाट न बघता आधी तीन चमचे साखर पाण्यातनं, १५ मिनिटांनी परत चेक, हे वैनीला परत परत सांगितलं.

मग प्रश्न नवीन मशीनचा. अण्णाचं म्हणणं सेन्सर लावू, दंडावर चिकटवायचा, १४ दिवस चालतो, फोनवर ग्राफ. मी नको म्हणलं. एकदाचे पैसे सोडले तरी दर पंधरवड्याला परत तोच खर्च, आणि अण्णाला पुण्यात बसून ग्राफ बघायचा तर नेट पाहिजे, तिथं फोनला रेंज मिळवायला गच्चीवर जावं लागतंय. इन्सुलिन दिवसातनं चारदा घेणाऱ्याला सेन्सर म्हणजे वरदान आहे, आत्तीला आठवड्यातनं तीन-चार वेळा बघायचंय.

शेजारच्या बाईंनी आपलं मशीन देऊ केलं, त्यांचा पोरगा गोव्यातनं इंग्लंडला गेलाय, तिकडनं आणलेलं. त्यावर ७.२ असे आकडे. ते मिलिमोल ह्या मापात असतं, आपल्या मिलिग्रॅमसाठी १८ नं गुणायचं, १३० होतं. पण साठीच्या पुढच्या माणसाच्या घरात ७.२ आणि HbA1c चा ७.२ असे दोन आकडे फिरायला लागले तर एक दिवस कुणीतरी घोळ घालणारच. शिवाय पट्ट्या कुठनं आणणार, लंडनहून? परत पाठवलं.

पट्टीवरच खरा हिशोब येतो. मशीनवर सूट, मशीन फुकट, कॅम्पमध्ये मशीन वाटप, ह्याला लोक भुलतात. दुकानदार मशीन फुकट देतो म्हणजे पुढची पाच वर्षं पट्टी तीच घ्यायची. मी गणपत गल्लीतल्या दुकानात विचारलं, खानापूर स्टँडजवळच्या दोन मेडिकलमध्ये विचारलं. स्वस्तातली पट्टी दहा-बारा रुपयाला एक, महागातली वीस-बावीसला. आत्तीला महिन्याला पंधराएक पट्ट्या लागणार, म्हणजे फरक महिन्याला दीडशे रुपयाचा. दिवसातनं चारदा चेक करणाऱ्या माणसाला हाच फरक महिन्याला बाराशेवर जातो, तिथं स्वस्त पट्टी हा मुद्दा मोठा आहे. आत्तीच्या बाबतीत दीडशे रुपये वाचवायला जाऊन २४ टक्के चुकणारा आकडा घेण्यात अर्थ नव्हता.

खानापूरच्या दुकानात मुख्य म्हणजे तीन कंपन्यांच्याच पट्ट्या कायम मिळतात, बाकी "मागवून देतो, दोन दिवसात येतील." जांबोटी-कणकुंबीकडं जुलैमध्ये जो पाऊस पडतो त्यात दोन दिवस म्हणजे पूल पाण्याखाली जाऊन आठवडा. म्हणून अण्णानं घेतलेलं मशीन तसंही पट्ट्यांसाठी पुण्यावर अवलंबून होतं. मी त्या तीन कंपन्यांचे कागद काढून हिमॅटोक्रिट वाचला. काँटूर प्लसच्या पट्टीला ० ते ७०, अॅक्यू-चेक इन्स्टंटला १० ते ६५, तिसरीचा परत ३० पासून पुढं. तिसरी बाद. पहिल्या दोन्हींना थेंब लागतो ०.६ मायक्रोलिटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढासुद्धा नाही, आणि कोडिंग-चिप काही नाही. जुन्या मशीनला डबी बदलली की कोड बदलायला लागायचा, लोक विसरायचे आणि आकडा भलताच यायचा.

पुढचं आत्तीनं स्वतः ठरवलं. लॅबमध्ये ओळखीच्या दोघांची मशीनं मागून तिच्या हातात दिली, काय करायचं ते एकदा दाखवलं आणि मागं सरकलो. पहिल्यावर, म्हणजे काँटूरवर, थेंब थोडा पडला तर मशीन थांबतं, परत रक्त लावता येतं, पट्टी वाया जात नाही. दुसऱ्याची पट्टी भरायची कड रुंद आहे आणि बाजूला रंगाची पट्टी असते, आकडा हिरव्यासमोर की लालसमोर तेवढं दिसतं. तिची बोटं बघितली असती तुम्ही तर कळलं असतं की पुस्तकी फीचर एक आणि माणूस एक. आयुष्यभर भाताची रोपं लावलेली, रताळी उकरलेली बोटं, टोकाला कातडं जाड, पेनची सुई २ नंबरच्या खोलीवर लावली तर रक्तच येत नाही, ४ वर लावायला लागली. मग थेंब बारीक येतो, ती बोट दाबून दाबून काढते, दाबल्यानं कातड्याखालचं पाणी मिसळतं आणि आकडा बिघडतो. त्यापेक्षा कोमट पाण्यात हात धरायचा, हात खाली सोडून हलवायचा, मग टोचायचं, कडेला, मधोमध नाही. मोतीबिंदूच्या डोळ्याला पट्टीचं टोक दिसत नव्हतं, पण पहिल्या मशीनवर थेंब कमी पडला तरी दुसरी संधी मिळत होती. आत्ती म्हणाली, "हे रागवत नाही की, हेच दे." ठरलं. त्यावर आत्तीचं १२४ आलं, लॅबचं ११८.

पट्ट्या ठेवायच्या जागेवरनं मात्र घरात वाद झाला. मामांनी डबी फ्रिजमध्ये ठेवलेली, औषध म्हणून. फ्रिजमधनं काढली की आत दव धरतं, पट्टी गेली. वैनीनं तिथनं काढून चुलीवरच्या फळीवर ठेवली, तिथं वाफ. पट्टीला दमटपणा अजिबात चालत नाही, डबीच्या झाकणातच ओल शोषणारं औषध असतं म्हणून झाकण टप्पकन लागलं पाहिजे, आणि पट्टी काढून मशीनमध्ये घालेपर्यंत डबी उघडी ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. पावसाळ्यात तिथं भिंतीला बुरशी येते, कपडे आठ दिवस वाळत नाहीत, तिथं हे जास्तच. शेवटी आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, स्टीलच्या डब्यात डबी. ५० ची डबी स्वस्त पडते तरी २५ चीच घ्यायची असं ठरवलं, कारण काही पट्ट्या उघडल्यावर तीन महिने चालतात, काही सहा, काही छापलेल्या तारखेपर्यंत, आणि महिन्याला पंधरा लागत असतील तर २५ ची दोन महिन्याच्या आत संपते, तारखेचं टेन्शनच नाही. तरी उघडल्याची तारीख बॉलपेननं डबीवर लिहायची.

मे महिन्यात एकदा घाबरून फोन आला, २८६ आलंय. विचारलं तर फणस फोडायला बसली होती, गरे काढता काढता मधेच चेक केलं, हात पदराला पुसून. पाण्यानं धुवून परत बघितलं, १३७. फळाचा रस बोटावर असला की मशीन तोही मोजतं, सॅनिटायझर लावून तो जातोच असं नाही, पाणीच पाहिजे.

वेळापत्रक डॉक्टरांनी साधं दिलं. आठवड्यातनं दोनदा उपाशी, एकदा दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, आणि घाम-थरथर झाली तर साखर खाऊन मग. रोज सकाळी एकच उपाशी आकडा लिहून वह्या भरणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की दुपारचा भात काय करतोय ते त्यात कधी दिसणारच नाही. आत्तीचा दुपारचा आकडा २१० आला होता, ताटात भाताचा डोंगर, भाकरी अर्धी. आता भात एक वाटी आणि भाकरी दीड, त्याच्यावरनं मामांशी रोज भांडण, पण आकडा १७० च्या खाली आलाय.

लोह घेऊन काही महिने झाल्यावर हिमोग्लोबिन ११.२, पीसीव्ही ३४. तेव्हा जुनं मशीन परत कपाटातनं काढलं, नवीन डबी अण्णानं पुण्याहून आणली होती, उपाशी तुलना केली. मशीन १२१, लॅब ११४. तेच मशीन, आता बरोबर. अण्णाला फोटो पाठवला तर त्याचं उत्तर, मग दुसरं घेतलंच कशाला. मूळव्याध परत उसळली, हिमोग्लोबिन परत पडलं तर जुनं मशीन कुणाला न सांगता परत चुकायला लागेल, म्हणून रोजचं नवीनच राहणार. जुनं अण्णा पुण्याला घेऊन गेला, त्याची स्वतःची उपाशी शुगर ११२ निघालीय, त्याचं हिमोग्लोबिन १५ आहे, त्याला ते चालेल.

HbA1c अजून परत केलेलं नाही. नवीन पेशी तयार होताना ते खाली पण सरकू शकतं, म्हणून डॉक्टर म्हणाले हिमोग्लोबिन एका जागी स्थिर होऊ दे, मग तीन महिन्यांनी करू. तोपर्यंत वही आणि महिन्यातनं एकदा लॅबची उपाशी आणि जेवणानंतरची, राखाडी टोपीत.